अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण ही गोष्ट खरी आहे.

ज्याच्यावर बेतली तो माझा सख्खा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, रवळू. कंग्राळीला राहतो, चांगला हिंडता-फिरता आहे, कुणालाही विचारता येईल. हे सगळं त्यानं मला सांगितलं तेव्हा एकदाही मान वर केली नाही. थापा मारणारा माणूस स्वतःला मोठा करून सांगतो. या गड्यानं स्वतःला इतकं खाली घातलं की मलाच ऐकवेना.

गेल्या वर्षीचा एप्रिल. तिसरा गुरुवार. जांबोटीच्या अलीकडं रानात वळणाऱ्या रस्त्यावरची एक वाडी.

आणि वेळ रात्रीची नव्हती बरं का...

दुपारचे साडेतीन. डोळे दिपतील असं ऊन.

रवळूचा धंदा कंप्युटर बसवायचा. खेड्यात नुसतं मशीन देऊन भागत नाही. वीज कधी इतकी कमी की बल्ब काजव्यागत, कधी इतकी जास्त की पंखा गरगरून जळायचा. म्हणून सोबत यूपीएस द्यायचा, स्टॅबिलायझर द्यायचा, आणि घराच्या मागं अर्थिंग करायचं. म्हणजे जमिनीत आठ फूट खड्डा. त्यात तांब्याची पट्टी, मीठ आणि कोळसा थरावर थर. घरातली हिरवी तार त्या पट्टीला घट्ट जोडायची. जादाची वीज आली की तारेतून जमिनीत उतरते आणि मशीन वाचतं. उन्हाळ्यात माती वाळते, म्हणून खड्ड्यात पाणी घालायचं.

हे झालं पुस्तकातलं.

रवळू काय करायचा? दोन फूट खणायचा. एक लोखंडी पाइप ठोकायचा, वर माती ओढायचा, आणि हात झटकून घरच्यांना सांगायचा, "रोज एक घागर पाणी घालायचं. चुकवायचं न्हाय. मग मशीनला काय होत न्हाय."

लोकांना वाटायचं, केवढं शास्त्र आहे याच्यात! पोरगं किती मन लावून सांगतंय!

त्या वाडीत रवळूची आत्ती, म्हणजे आत्या, राहायची. रुक्माबाई. माझ्या बायकोचीही तीच आत्ती. आई लवकर गेल्यावर या दोघांना तिनंच वाढवलं. तिचा मुलगा मारुती आणि नात दिपाली, असं तिघांचं घर. दिपाली शिकलेली, हुशार. बेळगावच्या एका वकिलाचे मराठी-कानडी कागद घरी बसून टाइप करायची. वाडीला बस दिवसातनं दोनदा. तिला रोज बेळगावला जाणं जमणारं नव्हतं. कंप्युटर होता म्हणून नोकरी होती, आणि कंप्युटर जळला तर नोकरी जळाली.

ते मशीन रवळूनं बसवलं. तो दिवस त्याला तोंडपाठ आहे. जमीन सगळी जांभ्याची. पहार मारली की ठिणगी उडायची. दोन फुटांवर थांबला. तार जोडायची क्लिप पिशवीत सापडेना. पाचची बस गाठायची होती. त्यानं तार नुसती मातीत खुपसली, पाइपापासून वीतभर लांब, आणि वर माती ओढली. पुढच्या आठवड्यात येऊन जोडतो, असं मनाशी म्हणाला.

आत्ती शेजारीच उभी होती. चहाचा कप घेऊन.

"झालं का रं बाळा?"

"झालं आत्ती. आता रोज एक घागर पाणी घाल. चुकवू नकोस."

"व्हय रं. दिपीच्या पोटाचा सवाल हाय. कशाला चुकवीन?"

तो पुढचा आठवडा कधी आलाच नाही.

आत्तीचा उजवा गुडघा गेलेला. पाय ओढत चालायची. उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी, ते घराला पुरत नव्हतं. म्हणून खड्ड्यासाठी ती खालच्या विहिरीवरून आणायची. दुपारची भांडी उरकली की चुंभळ, घागर आणि चिऱ्याच्या चाळीस पायऱ्या. रोज साडेतीनला.

त्या एप्रिलच्या आदल्या वर्षी, मे महिन्यात, त्याच पायऱ्यांवर ती पडली. भरल्या घागरीसकट. डोक्याला लागलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपली.

मातीला रवळू गेला होता. बायका रडत होत्या. मारुती सगळ्यांना सांगत होता, "किती सांगितलं, आई, एक दिवस राहू दे. ऐकली न्हाय. रवळूनं सांगितलंय म्हणायची, चुकवायचं न्हाय."

लोक रवळूच्या पाठीवरून हात फिरवत होते. आत्तीचा लाडका म्हणून.

रवळूला वाटलं जमीन फाटावी आणि आपण आत जावं. पण खरं काही सांगितलं नाही. घरी आला, अंघोळ केली, आणि भाकरी मागून जेवला. ते जेवण त्याला अजून आठवतं. "दाजी, भूक लागलती मला," तो म्हणाला. "एवढं करून भूक लागलती."

अकरा महिने गेले. तो वाडीकडं फिरकला नाही.

मग एप्रिलात वळवाच्या ढगातली वीज कोसळली ती गावाच्या टीसीवर. टीसी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. तारांतून झटका आला आणि वाडीतलं घर न घर धुरकटलं. टीव्ही गेले, मिक्सर गेले, मोबाइलचे चार्जर भिंतीला चिकटून वितळले.

मारुतीच्या घरातला कंप्युटर...

चालू होता.

दिपालीचा फोन आला. "काका, सगळी वाडी तुमचं नाव काढतीया. पण तुम्ही एकदा या."

"का गं?"

"आजी गेल्यापासनं खड्ड्यात पाणी आम्ही कुणीच घातलं न्हाय. आमचं मनच झालं न्हाय." तिनं आवाज खाली आणला. "पण काका... खड्डा रोज ओला असतोय."

तार जोडलेली नव्हती. हे जगात फक्त त्यालाच माहीत होतं. ते मशीन पहिल्या झटक्यात जळायला हवं होतं.

गेला. जाणं भाग होतं.

मारुती रानात काजू गोळा करायला गेलेला. दिपालीनं त्याला मागं नेलं. तिनं काय केलं होतं, आदल्या दिवशी खड्ड्याभोवती चुलीतली राख पसरली होती. कोण येतं ते कळायला. मांजर असेल, शेजारची एखादी बाई असेल.

राखेवर पाऊल एकही नव्हतं.

मधोमध एक गोल उमटला होता. घागरीच्या बुडाचा. गोल एका बाजूनं चेपलेला.

"आजीची घागर त्या दिवशी तशीच चेपली," दिपाली हळू म्हणाली. "बाबांनी माळ्यावर पालथी घातलीया. मी बघून आले. धूळ पण हललेली न्हाय."

रवळूनं तिला आत काम करायला पाठवलं आणि तो एकटाच खड्ड्याजवळ उकिडवा बसला. तीन वाजून गेले होते. वीज नेहमीप्रमाणं गेली. आतून यूपीएसचा आवाज येऊ लागला.

टीं...

टीं...

वारा पडलेला. कावळासुद्धा ओरडत नव्हता.

टीं...

मग दोन आवाजांच्या मधे त्याला तिसरा ऐकू आला. खालून. पायऱ्यांकडून.

टप... सर्र...

टप... सर्र...

एक पाय टेकायचा, एक ओढायचा. या आवाजाच्या मागं मागं तो लहानपणी गावभर हिंडला होता. वळून बघायची हिंमत झाली नाही. बघण्यासारखं काही असेल असंही नाही. ऊन तसंच होतं, सावली कुठं पडली नाही.

आवाज त्याच्या पाठीशी येऊन थांबला.

आतला यूपीएस गप्प झाला.

"हुश्श..."

घागर उतरवताना आत्ती असाच श्वास टाकायची.

आणि त्याच्या डोळ्यांदेखत माती काळी होत गेली. आधी मधोमध, मग कडेपर्यंत. वरून धार दिसत नव्हती. पाणी मात्र बुडबुडे सोडत मातीत जिरत होतं. त्याच्या पायाच्या अंगठ्याला लागलं. विहिरीचं पाणी, गारेगार.

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आत्ती, नको गं! जोडलीच न्हाय मी तार. लबाड बोललो मी. तू उगं पाणी घालत बसलीस. उगं गेलीस गं..."

थोड्या वेळानं ओढणारा पाय पुन्हा पायऱ्यांकडं निघाला.

टप... सर्र...

टीं...

त्या दुपारपासून दोन दिवस रवळू तिथं खणत होता. मजूर घेतला नाही. हाताला फोड आले, फुटले, रक्त आलं. जांभा फोडून आठ फूट खाली गेला. मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी, क्लिप, सगळं जिथल्या तिथं. तार स्वतः आवळली. मारुती वरून टोपलीनं माती ओढत होता. एक शब्द विचारत नव्हता. ते न विचारणंच रवळूला सोसेना.

शनिवारी संध्याकाळी खड्डा बुजवून झाला. दोघं कट्ट्यावर बसले. रवळूनं सगळं सांगून टाकलं. क्लिप, बस, खुपसलेली तार, घागरीची थाप. म्हणाला, "अण्णा, आत्तीला मी मारलं. काय करायचं ते कर माझं."

मारुतीनं तंबाखू मळली.

"आईला ठाऊक होतं रं," तो म्हणाला.

"काय?"

"तार सुटी हाय ते. तू गेलास आणि आठ दिवसांनी कोंबड्यांनी माती उकरली. तार वर आली. मला दाखवली तिनं. मी म्हटलं, थांब, आत्ताच रवळूला फोन लावून झाडतो. तर माझ्या हातातनं फोन काढून घेतला. म्हणाली, नको, चार माणसांत पोराची अब्रू जाईल. यील तवा जोडंल तो. परत माती सारखी केली तिनं, आणि घागर घेऊन गेली पाण्याला."

"मग पाणी कशाला घालायची?" रवळूनं विचारलं. "ठाऊक होतं तर कशाला?"

"शेजारणी विचारल्या असत्या न्हवं, रवळूनं पाणी घालायला सांगितलंय ते का बंद केलंस म्हणून? तुझा शब्द खोटा पडू द्यायचा नव्हता तिला."

मला हे सांगताना रवळू इथं थांबला. मीच उठून तांब्याभर पाणी आणलं. तो प्याला नाही.

त्या दिवसापासून वाडीतला खड्डा कोरडा पडला. दिपालीनं पुन्हा राख पसरून बघितली. काही नाही. मारुतीनं घागर माळ्यावरून काढली, ठोकून सरळ केली आणि देवळात दिली. संपलं, असं सगळ्यांना वाटलं. दिपाली अजून तिथंच बसून टाइप करते, मशीनला काही झालेलं नाही.

बाराव्या दिवशी रवळूला फोन आला. कंग्राळीच्याच जयाबाईंचा. त्याच्या घरापासून तिसरी गल्ली.

"रवळू, तुझं काम लई पक्कं हाय बघ! परवाच्या विजेत शेजारचा टीव्ही गेला, आमचा कंप्युटर बसलाय ऐटीत. एक विचारायचं होतं. आमच्या मागच्या खड्ड्यात दुपारचं पाणी कोण घालतंय रं? तुझं माणूस येतंय व्हय?"

कंग्राळीत काळी माती. तिथं तर खडकाचंही निमित्त नव्हतं. नुसता कंटाळा.

तो तसाच पहार घेऊन गेला आणि दिवसभर खणला. जयाबाईंना सांगितलं, जुनं झालंय, नवीन करतो. त्यांनी चहा दिला, कौतुक केलं. चार दिवसांनी अनगोळमधून फोन. मग निपाणीच्या बाजूच्या एका खेड्यातून. एक बुजवला की दुसरीकडं ओल. अशी किती घरं केली, त्याचा हिशोब त्यालाच लागत नाही. पाच-सात वर्षांचं काम आहे ते. कित्येकांची नावंही आठवत नाहीत.

मी म्हटलं, "अरे, सरळ सगळ्यांना कळव की. माझं काम कच्चं राहिलंय, फोन करा, करून देतो. एका दिवसात मोकळा होशील."

तो खाली बघत म्हणाला, "ठाऊक हाय दाजी. पण तोंड उघडलं की माझी अब्रू जातीया. आणि न्हाय उघडलं की आत्तीला जावं लागतंय, त्या पायानं."

"मग?"

"रोज ठरवतो, आज सांगायचं."

हे बोलणं झालं गेल्या रविवारी, आमच्याच घरी. जेवायला बसलो होतो. उशीर झाला होता, साडेतीन वाजून गेले असतील. माझी बायको ताक आणायला मागच्या खोलीत गेली आणि परसाच्या दारातच थांबली.

आमच्या घरचं अर्थिंगही रवळूनंच केलंय. सख्ख्या बहिणीच्या घरचं. सहा वर्षं झाली. पाणी घाल म्हणाला होता, पण आम्ही आळशी, एकदाही घातलं नाही.

"अहो," बायकोनं दारातून हाक मारली, "मागं पाणी कुणी ओतलंय?"

रवळूचा घास हातातच राहिला. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. बहिणीकडंही नाही.