तेहतिसावं गोपद्म

मुलुंडला, स्टेशनच्या पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत जानकी दोन गोष्टी नेमानं करायची. चातुर्मासात रोज सकाळी देव्हाऱ्यापुढे रांगोळीनं तेहतीस गोपद्मं, म्हणजे गाईची इवली पावलं, काढायची. आणि दुपारी भांडी उपडी घातली की खिडकीशी बसून प्लास्टिकचे रोबो जोडायची, रंगवायची. हा नाद तिला भावामुळे लागला. रामनाथ जहाजावर खलाशी होता, जपानहून येताना सुट्या भागांची खोकी आणायचा. पट्टीला लगडलेले शंभरेक बारीक भाग जानकी नेलकटरनं सोडवायची, घासायची, आणि चार केसांच्या ब्रशानं रंगवायची.

सत्त्याऐंशीच्या श्रावणात तिनं आजवरचा सगळ्यात मोठा रोबो पुरा केला. वीतभर उंच, राखाडी, रुंद खांद्यांचा, बोटं सुटी. डोळे तेवढे राखून ठेवले होते. तिचे वडील गावी गणपती रंगवत; डोळे शेवटी, सोवळ्यानं, श्वास रोखून. जानकीला दुसरी रीत ठाऊकच नव्हती. ती न्हाली, सोवळं नेसली, आणि देवाचं नाव घेत तिनं काळ्या रंगाची दोन बुबुळं टेकवली. गणपतीचं विसर्जन होतं, ह्याचं होणार नाही, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

सासूबाईंच्या आलं.

"डोळे उघडलंस त्याचे? सोवळ्यान?" सुंदराबाई दारातच थबकल्या. "आनी आता हो जातलो खंय?"

"कुठे जायचंय? राहील इथेच," जानकी म्हणाली. ती कधी मोठ्यानं बोलत नसे. मागेही हटत नसे.

सुंदराबाईंना तो राक्षसच वाटला; त्यांनी मग अट घातली. गोपद्मांचं हे पाचवं, शेवटचं वर्ष. "एक दिवस जरी चुकलंस, तर हो राकेस घराभायर."

"आणि नाही चुकले तर?"

"तर मी काय बोलूचंय नाय."

आठ दिवसांनी जानकीला बाजूला बसावं लागलं. गॅलरीत चटई, वेगळं ताट-भांडं, तीन दिवस कशाला शिवायचं नाही. अशा वेळी दरवर्षी शेजारची शकु येऊन तिच्या नावानं गोपद्मं काढायची. ह्या वेळी शकु आपल्या गॅलरीतूनच कुजबुजली, "जानके, तुझ्या सासूनं मला येऊ नको म्हणून बजावलंय गं. वाट लागली ना तुझ्या व्रताची?"

निजायच्या आधी सुंदराबाईंनी गॅलरीच्या दाराला आतून कडी घातली.

सकाळी जानकीला जाग आली ती नवऱ्याच्या, चंदरच्या, आवाजानं. "आई, तू काढलीस ही?"

देव्हाऱ्यापुढे तेहतीस गोपद्मं होती. डाळीच्या दाण्याएवढी, पण रेघ कुठे तुटलेली नव्हती. चंदर कंपनीत ड्राफ्ट्समन. त्यानं पट्टी आणून लावली. "सगळी पाच मिलिमीटर. एकही कमी-जास्त नाही. आई, हे माणसाच्या चिमटीचं काम नाही गं."

"माझे गुडघे वाकतत काय?" गॅलरीची कडी काढून सुंदराबाई सुनेकडे बघत राहिल्या. रात्री ती त्यांनीच घातली होती; सून आत येणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या सकाळी तेच. रोबो फळीवर जागच्या जागी होता. फक्त त्याच्या उजव्या अंगठ्याच्या सांध्यात पांढरी पूड बसली होती.

त्या दुपारी सुंदराबाईंनी थिनरची बाटली घेतली, फडकं भिजवलं, आणि जानकीच्या देखत रोबोची दोन्ही बुबुळं पुसून काढली. फडक्यावर काळा डाग पसरला.

"आता काढ म्हणा त्याका पावलां."

जानकी गॅलरीच्या उंबऱ्यापलीकडे बसून होती. उठून हिसकावून घेता येत नव्हतं. "तो बाहेर जायचा नाही, आई," ती म्हणाली. "तुम्ही डोळे पुसा, हात मोडा. मी परत करीन. परत न्हाऊन, परत सोवळ्यानं."

सुंदराबाईंनी फडकं मोरीत भिरकावलं.

तिसरी सकाळ.

देव्हाऱ्यापुढची जागा कोरी होती.

गोपद्मं होती, पण भलतीकडेच. फळीखालच्या ओल आलेल्या भिंतीवर दोन. पाण्याच्या पिंपाभोवती एक फेरा. तिथून परत मागे. ट्रंकेवर. मोरीच्या कठड्यापर्यंत. पुन्हा भिंतीशी. आंधळ्यानं चाचपत जावं तशी.

चंदर ओणवा होऊन मोजत गेला. शेवटचं आईच्या गोधडीच्या काठाशी थांबलं होतं.

"बत्तीस," तो म्हणाला.

भिंतीकडे तोंड करून निजलेल्या सुंदराबाई गोधडीतून बोलल्या, "एक कमी! मोडला व्रत. चंदर, उचल तो राकेस."

चंदरनं फळीकडे हात नेला.

"हात लावू नका त्याला," गॅलरीतून जानकी म्हणाली. आवाज रोजच्याइतकाच. "नीट मोजा. परत."

चंदरचा हात तसाच राहिला.

"काय परत?" सुंदराबाई तावातावानं उठून बसल्या. वळल्या. मग त्यांचा सूर उतरला.

"चंदर, माझ्या डोळ्याक काय झाला रे? उघडना नाय."

उजव्या पापणीवर एक गोपद्म होतं. डाळीच्या दाण्याएवढं, रेघ न तुटलेलं. रांगोळीचं नव्हतं. काळ्या रंगाचं, अजून पुरतं न वाळलेलं.

जानकीनं ते उंबऱ्यापलीकडूनच पाहिलं.

"तेहतीस," ती म्हणाली.