नावाड्याची पाटी

पोलंडमधल्या बुग नदीवर सकाळी धुकं उतरलं की पलीकडचा काठ दिसत नाही. गेनोवेफा म्हातारी बापाच्या नावाची पाटी बघायला धक्क्यावर आली, तेव्हाही दिसत नव्हता. गावाच्या वारशाचा सोहळा होता. सरपंच झेनोनने जुनी नाव रंगवून काठापासून काठापर्यंत ताणलेल्या तारेला अडकवली होती आणि शेजारी पाटी ठोकली होती : ‘वालेंती नावाडी. याने कुणाचीच हाक मोडली नाही.’

हाक म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा. पलीकडे झाडाला टांगलेला असायचा. कुणी त्यावर दगड हाणला की नावाड्याने जायचंच, मग तो चोर असो की पाद्री. गावाची रीतच तशी.

“कशी वाटली पाटी, आजी?” झेनोनने विचारलं.

म्हातारीने पाटीवरचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. ती सात वर्षांची होती तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. खोगीरवाला ज्यू लेयझोर, त्याची बायको आणि त्यांची छोटी फायगा, अख्खी संध्याकाळ पलीकडून रूळ बडवत होती. मागून जर्मनांची कुत्री भुंकत होती. आणि बाप? चुलीपाशी बसून बटाटे सोलत होता. बटाटे! आवाज थांबला तेव्हा म्हणाला, “जेवून घे.” हे तिने जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगायचंच, असं ठरवून ती आली होती.

ठण्ण...

“पलीकडे आले वाटतं पाहुणे,” झेनोन म्हणाला. “घेऊन येतो.”

“झेनोन... रूळ तर इथेच आहे ना?”

खरंच, टांगायचा राहिलेला रूळ गवतात पडला होता.

“मग दुसरं काहीतरी बडवत असतील हो!”

तो गेला आणि धापा टाकत परतला. “चिटपाखरू नाही तिकडे! आणि ही नाव एवढी जड कशी झाली? खांदे निखळले माझे.”

नाव रिकामी होती, तरी कडेपर्यंत पाण्यात दबली होती. धक्क्याला लागली आणि कुणी उतरावं तशी हळूच वर उचलली गेली. मग पुन्हा एकदा. मग थांबली.

फायगाला उतरताना नेहमी हात द्यावा लागायचा. गेनोवेफाने हात पुढे केला. थंडगार, ओली, इवलीशी बोटं हातात आली आणि नाव पार हलकी झाली.

“झेनोन, पाटी काढ. खोटं आहे ते. माझा बाप... एका हाकेला गेला नव्हता.”

“आजी, आत्ता? बँडवाले येऊन बसलेत! तुमच्याच बापाचं नाव खराब होईल. आणि विचारायला उरलंय कोण?”

म्हातारीने पाटीकडे पाहिलं. बापाचं नाव छान सोनेरी अक्षरांत होतं.

“बरं... राहू दे.”

हातातली बोटं सुटली. नाव एकदा दबली, पुन्हा दबली, मग अगदी थोडीशी. तार करकरली आणि नाव आपली आपण धुक्यात निघाली.

“अहो, दोर कुणी सोडला?” झेनोन ओरडत धावला.

म्हातारीने गवतात पाहिलं. रूळ होता तिथे नुसतं दबलेलं पिवळं गवत उरलं होतं.

सोहळा झाला, बँड वाजला, माणसं पांगली. संध्याकाळी पलीकडून आवाज सुरू झाला. ठण्ण... ठण्ण... गेनोवेफाने खिडकी लावून घेतली, चुलीपाशी बसली आणि बटाटे सोलायला घेतले.