आतलं ताट

बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी पकडली तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी होती. तीत दोन धोतरं, मानसशास्त्राची जाडजूड पुस्तकं आणि मायनं फडक्यात बांधून दिलेल्या भाकरी. मी वेडा शोधायला निघालो होतो.

हसू नका. आमच्या अमरावतीच्या कॉलेजात तसा नियमच होता. मानसशास्त्र घेतलेल्या पोरानं शेवटच्या वर्षी एखाद्या मनोरुग्णाजवळ पावसाळाभर बसायचं, त्याला पाहायचं, आणि जागेच्या मालकाकडून काम नीट केल्याचा दाखला आणायचा. दाखला नाही तर परीक्षा नाही. जागा मात्र ज्याची त्यानं शोधायची. एकाचा मामा पागलखान्यात डॉक्टर, त्याची सोय झाली. एकाचा बाप जेलरच्या क्लबात पत्ते खेळे, त्याला जेलातले कैदी मिळाले. माझी माय शकुन. भातकुलीला आमचा दुसऱ्याच्या विहिरीवरचा मळा, आणि अमरावतीच्या बाजारात तिचं बसायचं फडकं. वांगी-कारल्यांवर ओळख निघत नाही. सरकारी दवाखान्यात मी अर्ज घेऊन गेलो तर चपराशी म्हणाला, "भाजी मागच्या दारानं आणत जा ना बे." हातात कागद होता माझ्या, टोपली नव्हती. त्याला कागद दिसला नाही. साहेबालाही दिसला नाही.

वर्गातली पोरं म्हणत, "अबे देवीदास, आरसा घेऊन त्याच्यापुढं बस. पागल सापडून जाईन."

आमचे प्रोफेसर चिंतामणराव शेवटी म्हणाले, "अकोल्याला केशवराव वकील आहेत. धाकटा भाऊ अंथरुणाला आहे. घरचा मामला आहे, बोभाटा नको. काय रे माळी, जमेल?"

दोन वर्षं मी त्यांच्या वर्गात बसलो. ते मला माळीच म्हणत. मी हो म्हणालो. नाही म्हटलं असतं तर मी पुन्हा फडक्यावर, आणि मायचं सगळं आयुष्य उन्हात बसलेलंच. ती दुनियेला सांगून राहिली होती, "पोट्टा मास्तर होते माहा, बस एवढी परीक्षा."

घर मोर्णा नदीच्या काठाला होतं. विटांचं, नवं, खिडक्यांना हिरवा रंग. केशवराव पन्नाशीचे, कोर्टातून आले की कोट खुंटीला लावून हात धुणारे, नेमस्त गृहस्थ. त्यांची आई पार्वताबाई सोवळ्यातली. माझी व्यवस्था त्यांनी उभ्यानंच सांगितली. झोपणं ओसरीवर. जेवण ओसरीवर, पत्रावळीवर. पाणी वरून ओतलं जाईल. आत यायचं ते फक्त नारायणाच्या खोलीपर्यंत, आणि तिथं खुर्चीवर बसायचं.

"त्याच्या खाटेला शिवायचं नाही," त्या म्हणाल्या. "आजारी माणूस आहे बाप्पा."

मी खोलीत गेलो. स्वच्छ खोली. कडुलिंबाचा पाला जाळल्याचा वास. खिडकीशी खाट, तीवर धुतलेली चादर, उशी, पायाशी घडी केलेली सोलापुरी. खाटेसमोर खुर्ची.

खाटेवर कोणी नव्हतं.

मला वाटलं, भाऊ न्हाणीघरात असेल. बसून राहिलो. केशवराव आले, खाटेकडे पाहून म्हणाले, "नारायणा, हे अमरावतीचे विद्यार्थी. तुझ्याजवळ बसतील. त्रास देणार नाहीत." मग थोडं थांबले, ऐकल्यासारखे, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बोलतो तो. पण नव्या माणसाशी वेळ लागतो."

मी पुस्तकं कोणाच्या शिकवणीनं वाचली नाहीत. किराणा दुकानातल्या रद्दीतून अक्षरं शिकलो, डिक्शनरी पाठ करून इंग्रजी शिकलो. त्यामुळं मला भ्यायचं शिकवायलाही कोणी नव्हतं. मी मनात म्हटलं, देवीदासा, लॉटरी लागली तुले. बाकीच्यांना एकेक वेडा मिळाला, तुला अख्खं घर मिळालं. भाऊ कधीतरी मेला असेल किंवा पळाला असेल, आणि आई-लेकानं तो खाटेवर धरून ठेवला आहे. शहाण्या, शिकलेल्या माणसांचा एकच भ्रम! प्रोफेसर उडतील खुर्चीतून.

मग मी मन लावून पाहू लागलो. पार्वताबाई त्याला औषध देत. चमचा हवेत तिरपा करत, औषध चादरीवर सांडे, त्या पुसत. मला म्हणत, "आज अर्धंच घेतलं." दुपारी त्याचं ताट आत येई. चांदीच्या फुलाचं ताट, वाफेचा भात, त्यावर तुपाची धार, वरण, कोशिंबीर, कधी पुरणपोळी. झाकून ठेवत आणि दार लोटत. थोड्या वेळानं तसंच उचलून गायीला घालत. ओसरीवर माझ्या पत्रावळीत ज्वारीची भाकर आणि पातळ आंबील पडे. नसलेल्या माणसाला तूप, असलेल्याला आंबील. 

एकदा न्हावी आला. खाटेशी बसला, वाटीत पाणी घेतलं, हवेत साबण फासला, वस्तरा चालवला. बाहेर आल्यावर मी त्याला हळूच विचारलं, "काहून गा, कोणाची करून राहिला दाढी?"

तो डोळा मारून म्हणाला, "साहेब पैसे देऊन राह्यले, मी वस्तरा चालवून राह्यलो. मले का कराचं? असा गिऱ्हाईक भेटत नाही भाऊ, मान हालवत नाही न् कापलं तं बोंबलत नाही!"

आम्ही दोघं हसलो. पुढच्या खेपेला तो बाहेर आला तेव्हा हसला नाही. वाटी मोरीत ओतत होता. पाण्यावर साबणाचा फेस होता, आणि फेसात काळे, आखूड केस. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं वाटी तीनदा विसळली आणि वस्तरा फडक्यात न पुसताच निघून गेला. परत तो त्या घराकडे फिरकला नाही.

न्हाव्याच्या वाटीत आधीच्या गिऱ्हाइकाचे केस असतील. मी तसं ठरवलं. मग चादरीतला खळगा दिसू लागला. खाटेची नवार जुनी झाली की झोळ येतोच. मग एका सकाळी कोणी पाहत नाही असं बघून उशीला हात लावला, तर तिचा मधला भाग उबदार लागला. खिडकीतून ऊन येत होतं, पण ते त्या वेळी खाटेच्या पायाकडे होतं.

मी स्वतःवर चिडलो. हे काय लावलं आहे? घरातली हवा अंगात भिनत चालली होती. पुस्तकात उपाय होता: शंका आली तर प्रयोग करा. मी ठरवलं, यांच्यादेखत त्या खाटेवर बसायचं आणि त्या ताटात जेवायचं. खाटेवर कोणी नाही हे एकदाचं सिद्ध होईल. ही सोवळ्यातली बाई किंचाळेल, वकील मला हाकलेल, पण त्याआधी त्यांच्या डोळ्यांत मला खरी ओळख दिसेल, की नारायण नाही, माळ्याचा पोट्टा बसला आहे. भ्रम फुटतो तो असाच. आणि खरं सांगायचं तर मला तो भात हवा होता.

रविवार होता. केशवराव घरीच होते. भर दुपार, गल्लीत कल्हईवाला ओरडत होता. पार्वताबाईंनी ताट आणून ठेवलं. त्या वळण्याआधी मी खुर्चीवरून उठलो, खाटेवर मांडी घातली, ताट पुढं ओढलं आणि भात कालवला.

पहिला घास घेतला. दुसरा घेतला. वर पाहिलं.

पार्वताबाई दारात उभ्या होत्या. ज्या बाईनं मला पाणीसुद्धा वरून ओतलं होतं, ती बाई पाहत होती. ती किंचाळली नाही. तिचे डोळे भरून आले.

"हळू जेव," ती म्हणाली. "किती दिवसांनी जेवतो आहेस."

केशवराव मागून आले. त्यांनीही पाहिलं. आईच्या खांद्यावर हात ठेवला. मग तिनं आत जाऊन आणखी तूप आणलं.

मला वाटलं, मी जिंकलो. या घराचं सोवळं मी एका घासात मोडलं. मी पोटभर जेवलो, ताटात हात धुतला, आणि उठून माझी पत्रावळ कुठं आहे ते पाहायला ओसरीवर गेलो.

पत्रावळ मांडलेली होती. भाकर संपलेली होती. कडेला मिरचीचं देठ होतं, नुकतंच चावून टाकलेलं.

त्यानंतर मी खुर्चीवर बसायला गेलो की पार्वताबाई म्हणत, "उठू नकोस रे. पडून राहा."

मी म्हणे, "आजी, मी देवीदास."

त्या खुर्चीकडे पाहून म्हणत, "आज पुष्कळ बोलतो आहे, नाही?"

श्रावण सरता सरता प्रोफेसर चिंतामणराव तपासणीला आले. टांग्यातून उतरून सरळ खोलीत. मी खाटेवरून ओरडलो, "सर! मी इकडं आहे!"

त्यांनी खाटेकडे एकदा पाहिलं. रुग्णाकडे पाहतात तसं नाही. गादीकडे पाहतात तसं.

मग ते खुर्चीकडे वळून हसले.

"वा, देवीदास," ते म्हणाले. माझं नाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं. "उत्तम काम केलंत. असा अभ्यास कोणी केला नव्हता."

खुर्ची जरा मागं सरकली.

केशवरावांनी सही केली. प्रोफेसरांनी दाखला पुढं धरला, आणि तो त्यांच्या हातातून सुटला, पण खाली पडला नाही. टांग्यात ते एका बाजूला सरकून बसले. दुसरी जागा मोकळी होती. टांगा त्या बाजूला कलला होता.

मी मागं धावलो. फाटक ओलांडलं, स्टेशनापर्यंत गेलो. तिकीटबाबूसमोर उभा राहिलो. माझ्यामागचा माणूस माझ्यातून हात घालून तिकीट घेऊन गेला. बाजारात फिरलो. भूक लागली. कोणाला हाक मारू? दवाखान्यातल्या त्या चपराशालाही मारली असती. दिवस मावळायच्या आत मी परत आलो.

दुनियेत या एकाच घरात मला ताट वाढतात.

उन्हाळ्यात माय आली.

फाटकाशी तिचा आवाज ऐकला आणि मी खाटेवरून उठून ओसरीच्या दारात उभा राहिलो. हातभर अंतर. तिच्या अंगावर नवं लुगडं होतं, हातात पेढ्यांचा पुडा. डोक्यावर टोपली नव्हती.

"पास झाला जी पोट्टा," ती पार्वताबाईंना सांगत होती. "पयल्या वर्गात. अंजनगावच्या शाळेत लागला बी. तुमच्या घरचा गुन लागला बाई त्याले, म्हून आली. नायतं आमाले कोन पुसते?"

"बरा आहे ना?" पार्वताबाईंनी विचारलं.

"बरा? सोन्यावानी झाला. पयले बोलला का आग ओके. याच्यावर राग, त्याच्यावर राग. आता आवाज नाही चढवत. मले बाजारात नाही जाऊ देत. रोज माह्यापाशी बसते, मी काय म्हनतो ते आयकते." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "एकच हाय. आंगाले हात लावू देत नाही. मले थंड लागते, म्हनते."

"माय," मी म्हणालो. "माय, मी हाओ."

तिनं मान वळवली. माझ्यामागं दार उघडं होतं, त्यातून तिला खोली दिसली, धुतलेली चादर दिसली.

"तुमचे पेशंट कसे हायेत जी?"

"आज जरा अस्वस्थ आहे," पार्वताबाई म्हणाल्या. "येऊन पाहा."

माय दचकली. चपला काढून ती भीत भीत आत आली, माझ्या अंगावरून. ती खाटेशी उभी राहिली. खाट मोकळी आहे हे तिला दिसत होतं. तिच्या चेहऱ्यावर मी ते वाचलं. मग तिनं पार्वताबाईंकडे पाहिलं, आणि मोठ्या घरचं मन मोडू नये म्हणून पुड्यातला एक पेढा काढून उशीवर ठेवला.

"घ्या मालक," ती रिकाम्या खाटेला म्हणाली. "माह्या लेकाचा पेढा हाय."