शेवटच्या नीलदिव्याचा फोटो

धुऊन काढलेली निगेटिव्ह जवळजवळ कोरीच निघाली.

"प्रकाशमापकाने पाव सेकंद सांगितला, तेवढाच दिला. मग चुकलं कुठे?" वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. अच्युत दाभोळे पुटपुटले. त्यांची अकरा वर्षांची नात शाल्मली निगेटिव्ह उजेडात धरून पाहत होती. फिल्मचा आता एकच ताव उरला होता.

साल होतं २०७४. दोन वर्षांपूर्वी सौरवादळाने (सूर्याकडून आलेल्या विद्युतभारित कणांच्या लोंढ्याने) साठवलेले सारे डिजिटल फोटो पुसून टाकले होते आणि डिजिटल कॅमेरेही निकामी केले होते. या पठारावर नीलदिव्याचं एकच रोप उरलं होतं, तेही सुकत चाललेलं. फोटो मिळाला नाही, तर दुसऱ्या पठारांवर शोधणारे ते ओळखणार कसं?

शाल्मलीने काळं कापड डोक्यावर घेतलं. मोठ्या कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवर फूल उलटं दिसत होतं. लेन्स पुढेमागे करत तिने पाकळीवरची लव अगदी रेखीव केली. मग ती थबकली.

"आजोबा, काल डोंगराचं चित्र केवढं उजळ होतं! हे इतकं अंधूक का?"

आजोबांनी भात्याकडे (लेन्स आणि काच यांमधल्या, लांब-आखूड होणाऱ्या घड्यांच्या पेटीकडे) पाहिलं. फूल जवळ असल्याने तो ओढून पंधराचा तीस सेंटिमीटर केला होता. त्यांनी बॅटरीचा झोत तंबूच्या कापडावर टाकला आणि दुप्पट अंतरावर जाऊन पुन्हा टाकला.

"वर्तुळ दुप्पट रुंद झालं, दुप्पट उंचही," शाल्मली म्हणाली. "म्हणजे तोच उजेड चौपट जागेत पसरला!"

"आणि मापकाने मोजला फुलावरचा उजेड. भाता किती लांब आहे, हे त्याला काय ठाऊक?"

"मग चौपट वेळ द्यायचा. पूर्ण एक सेकंद!"

"तेवढ्यात फूल हललं, तर सगळं पुसट येईल, बाळा."

वारा थांबेना. तासभर दोघं बसून राहिले. एक पाकळी गळली, तसे आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले. शाल्मली उठली आणि फुलावर सावली पडू न देता काळं कापड वाऱ्याच्या आड ताणून उभी राहिली. फूल स्थिर झालं.

"आता, आजोबा!"

खटका दाबला गेला. एक सेकंद. दोघांनीही श्वास रोखला होता.

संध्याकाळी निगेटिव्हवर लवेचा एकेक केस मोजता येत होता. तोवर बाहेर फूल मातीत पडलं होतं. शाल्मली ते ओंजळीत घेऊन खूप रडली.

"याची प्रत उद्या पलीकडच्या पठारावर पाठवू," आजोबा हळूच म्हणाले.

"तिथे असेल नीलदिवा?"

"माहीत नाही गं. पण असला, तर आता तिथल्या शोधणाऱ्यांना ओळखता येईल."