मधला कंद

तराजूकाकांचा मापांवर जेवढा विश्वास होता तेवढा माणसांवर नव्हता. छत्तीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांत जाऊन वजनकाटे तपासले होते. काटा केसभर जरी सरकला तरी शिक्का मारायचे नाहीत. गल्लीने त्यांना नाव ठेवलं ते त्यावरूनच. निवृत्तीनंतर तपासायला घरात बायकोखेरीज कुणी उरलं नाही, आणि काकू काही तपासून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या.

मग दोन वर्षांपूर्वी काकूंना झटका आला. हातपाय हळूहळू थोडेफार सावरले, पण बोलणं गेलं ते गेलंच. दिवसाकाठी चार-पाच वाक्यं, तीही तुटक. मागच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून त्या अंगणाकडे बघत बसत. डॉक्टर म्हणाले, आहे हे असंच राहील, यात समाधान माना. काकांनी मानलं. सकाळी चहा नेऊन ठेवला की काकू मान वर करत आणि नवऱ्याला ओळखून डोळ्यांनी हसत. ते हसू आहे तोवर बाकी सगळं चालवून घ्यायची काकांची तयारी होती. ते जाईल की काय, एवढीच त्यांना धास्ती होती.

खिडकीबाहेर आयरिसचा वाफा होता. लग्न होऊन या घरात आल्या त्या वर्षी काकूंनी एकच कंद लावला होता, गच्चीचं पाणी जिथे उतरतं त्या सखल, चिखलट कोपऱ्यात. बत्तीस वर्षांत त्याचं चांगलं दोन हात रुंद बेट झालं होतं. उंच सरळ पानं, आणि वर्षातून एकदा तीन आठवडे गर्द निळी फुलं. दर दोन-तीन वर्षांनी काकू कडेचे जादा फुटवे काढून कुणाकुणाला देत, पण मधल्या मूळ कंदाला कधी हात लावत नसत आणि दुसऱ्या कुणाला लावूही देत नसत.

काकांना झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं. चौकातल्या रोपवाटिकेवालीने त्यांना एवढंच सांगितलं की हे पाणथळीतलं झाड आहे, याचे पाय कोरडे पडता कामा नयेत. काकांनी ते शब्दशः घेतलं. दहा लिटरची बादली, रोज सकाळी तीन बादल्या, आणि वहीत नोंद.

पहिल्या उन्हाळ्यात एकदा ते पेन्शनच्या कामाला गेले आणि पाणी द्यायचं राहिलं. दुपारी परतले तर काकूंचे ओठ फुटले होते. उशाशी भरून ठेवलेला तांब्या रिकामा, शेजारचा जग रिकामा, आणि त्या आणखी पाणी मागत होत्या. काकांनी तिसरा जग दिला. मग सहज आठवलं म्हणून अंगणात जाऊन वाफ्यात बादली ओतली. परत आले तेव्हा काकूंनी अर्धा प्यायलेला पेला खाली ठेवला होता.

योगायोग, काका म्हणाले. पण जन्मभर काटा दोनदा तपासायची सवय. पुढच्या आठवड्यात त्यांनी मुद्दाम दुपारपर्यंत पाणी दिलं नाही. मग एकदा सकाळी दोनच बादल्या दिल्या, आणि काकूंनी त्या दिवशी बरोबर एक जग जास्त संपवला. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर त्यांनी वही मिटली आणि कुणाला काही सांगितलं नाही. त्यानंतर मात्र पाणी एक दिवसही चुकलं नाही.

फुलं आली की काकूंना बोलता येई. त्या तीन आठवड्यांत पूर्ण वाक्यं, जुन्या आठवणी, एकदा तर नवऱ्याच्या शर्टाला नावं ठेवणंसुद्धा. फुलं सुकली की पुन्हा गप्प. काका हे वहीतही लिहीत नसत.

यंदा बेट मधोमध उघडं पडलं. कडेला पानं, आत नुसता तपकिरी लगदा. फुलं आली ती दोन. त्या दिवसांतही काकू वाक्याच्या मध्येच थांबून शब्द शोधत राहत. एका सकाळी काकांनी चहा ठेवला तेव्हा त्यांनी मान वर केली खरी, पण हसू यायला फार वेळ लागला. ते तडक रोपवाटिकेवालीकडे गेले.

"मधला कंद म्हातारा झालाय," ती म्हणाली. "याचे आधीच वाटे करायला हवे होते. अख्खं बेट उपटा, कडेचे जोमदार भाग कापून घ्या, ते लावा. मधला टाकून द्या."

"मधला सगळ्यात जुना असेल ना?"

"तिथूनच तर सगळं सुरू झालेलं असतं. पण आता तो सडतोय, काका. ठेवलात तर बाकीचेही सडवेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी बेट उपटलं. आतल्या खुर्चीवर काकू कसलीशी चाल गुणगुणत होत्या. काकांनी सुरी धुतली, पुसली, आणि बेटाचे उभे काप घेतले. डावा भाग निघाला, उजवा भाग निघाला. मधला कंद हातात सुटा झाला तेव्हा गुणगुणणं थांबलं. त्यांनी दचकून आत पाहिलं. काकू शांत बसल्या होत्या.

डावा भाग त्यांनी त्याच जागी लावला. उजवा काकूंच्या धाकट्या बहिणीला पाठवून दिला. ती दोन तासांवरच्या गावात राहायची आणि ताईच्या हातचं झाड कधीपासून मागत होती. मधला कंद त्यांनी मागच्या भिंतीपाशी पालापाचोळ्याच्या ढिगावर टाकला. तिथे दिवसभर ऊन असे.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज झाला. काका धावले. काकू ओट्याशी उभ्या होत्या, स्वतःच्या पायांवर, चहाचं आधण ठेवून.

"साखर किती घालू तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

संबंध वाक्य, एकदाही न अडखळता. काकांना भरूनच आलं. बत्तीस वर्षं ते बिनसाखरेचा चहा पीत होते हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

दोन दिवस ते हवेत होते. काकू घरभर हिंडत होत्या, केर काढत होत्या, शेजारणीशी बोलत होत्या. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी काकांसमोर ताट ठेवलं आणि पाहुण्याला विचारावं तशा अदबीने विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

काका हसले. काकू हसल्या नाहीत. उत्तराची वाट पाहत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी धाकटीचा फोन आला. काकू समोरच बसून भाजी निवडत होत्या.

"भावोजी, ताईला एकटीला कशाला पाठवलंत?" धाकटी म्हणाली. "सकाळी दार उघडलं तर अंगणात तुम्ही पाठवलेल्या झाडापाशी बसलेली, पायांना हा एवढा चिखल. पण बरी झालीय हो! आईचं, शाळेचं, सगळं खडान्‌खडा आठवतंय."

काकांनी समोर पाहिलं. काकूंनी एक पिकलं पान बाजूला काढलं.

"फक्त तुमचं नाव काढलं की नुसती बघत बसते. भांडलात का?"

"नाही," काका म्हणाले. "राहू दे तिला तिकडेच. पाणी देत जा."

"ताईला की झाडाला?"

"दोघींना."

फोन ठेवून ते थेट मागच्या भिंतीपाशी गेले. वरवरचा पाचोळा बाजूला केला. खाली मधला कंद होता, सुकून वाकडातिकडा झालेला, हाताला अगदी हलका. एका बाजूने दाबला तर बोट आत गेलं. तो छातीशी धरून तराजूकाका पाचोळ्यातच बसले आणि रडले. बायकोचे त्यांनी स्वतःच्या हाताने वाटे केले होते, आणि त्यांना ओळखणारा वाटा उन्हात फेकला होता.

रोपवाटिकेवालीचं बोलणं त्यांना चांगलं आठवत होतं. तरी त्यांनी वाफ्याच्या कडेला खड्डा केला आणि कंद पुरला. त्या दिवशी त्याला तीन बादल्या दिल्या. दुसऱ्या दिवशी सहा. मोजून द्यायचं त्यांनी तिथेच सोडलं.

आठ दिवस काही झालं नाही. फक्त शेजारचा नवा कोंब बुडाशी काळा पडला.

नवव्या दिवशी सकाळी काका टेबलाशी बसले होते. काकू मागच्या दाराशी उभ्या होत्या, पाठमोऱ्या.

"अहो, वाफ्याजवळ एक बाई बसल्यात."

काका हलले नाहीत.

"तोंड पार सुकलंय बिचारीचं. तुम्हाला विचारतायत. ओळखीच्या आहेत का?"

"हो," काका म्हणाले.

काकूंनी मान तिरकी करून पुन्हा बाहेर पाहिलं. "मीही कुठेतरी पाहिलंय त्यांना," त्या म्हणाल्या आणि कडी काढली. चिखलात कुजलेल्या मुळांचा वास आत आला.

काकूंनी आपली खुर्ची पुढे ओढली. "या, बसा ना," त्या बाजूला सरकून म्हणाल्या, "हे केव्हाचे वाट बघतायत तुमची."