तिप्पण्णांचा भरलेला पेला

"मॅडम, आमचे अप्पा जातात हो! लौकर या!" फोनवर सरफराज रडत होता.

फौजदार सृष्टी बिराजदार साखर पेठेतल्या कॉफीच्या गिरणीत पोचली, तेव्हा मालक तिप्पण्णांना दवाखान्यात हलवलं होतं आणि फोन करणाऱ्या सरफराजलाच लोकांनी खांबाला बांधलं होतं. गर्दीला अक्कल कधी असते? तिनं आधी त्याला सोडवलं.

डॉक्टरांचा निरोप वाईट होता. विषबाधा. कोणतं विष ते कळलं नाही, तर म्हातारा हातचा जाणार.

तिप्पण्णांच्या वडिलांनी चिकमगळूरच्या डोंगरावर कॉफीचा मळा लावला आणि सोलापुरात ही गिरणी घातली. बिया तिकडून यायच्या. सरफराज त्या भाजायचा, दळायचा. मळ्याची ये-जा मुलगा नंदीशकडे. रिसॉर्टवाले मळा मागत होते, विकून टाका म्हणून नंदीशही मागं लागला होता. तिप्पण्णा बधत नव्हते.

"यानंच घातलं!" नंदीश ओरडला. "काल बिया करपल्या म्हणून अप्पा लई बोलले की याला. सकाळची कॉफीबी यानंच दिली."

"ती आणखी कोण प्यालं?"

"मी आणि अव्वा. एकाच किटलीतली," सरफराज म्हणाला. "अप्पांनी मला लेकरावानी वाढवलं, मॅडम. मी त्यांना विष घालीन?"

"मग पेल्यात घातलं असंल," नंदीश म्हणाला.

हवालदारानं तपासणीसाठी तिप्पण्णांचा पेला उचलला. सृष्टीनं आत डोकावून पाहिलं. काठोकाठ भरलेला, गार, वर अखंड साय. खुर्चीजवळ फरशीवर थुंकलेला हिरवट चुरा होता. टेबलावर कापडी पिशवी उघडी पडली होती.

कोपऱ्यात तिप्पण्णांची बायको कमलम्मा, सगळ्यांची अव्वा, बसली होती.

"सर्दीनं नाक बंद हाय त्यांचं, वास म्हणून येत न्हाय. पडून ऱ्हावा म्हटलं, तर मळ्याचा माल बघायला आले."

"माल बघतात कसा?"

"कच्ची बी दातानं फोडून. नीट वाळली का ते तसंच कळतं. सासऱ्यांचीच सवय की ती."

"ही पिशवी कुणी आणली?"

"नंदीशनं. काल."

सृष्टी मागच्या कोठीत गेली आणि मूठभर कच्च्या बिया घेऊन आली.

"नंदीश, तुमच्या मळ्याचा माल. अप्पा नाहीत, तर तुम्हीच परीक्षा करा. फोडा एक."

नंदीश मागं सरला. "माझा दात दुखतोय."

"मग नुसती जिभेवर ठेवा."

"नको म्हटलं ना!" त्याला घाम फुटला.

"का? विष तर पेल्यात आहे ना?"

सृष्टीनं एक बी स्वतःच्या तोंडात टाकून कडकन फोडली.

"ही कोठीतल्या जुन्या पोत्यातली. चोराच्या मनात चांदणं! पेल्यावरची साय मोडलेली नाही, म्हणजे अप्पांनी कॉफीला ओठच लावला नव्हता. भाजलेली बी तपकिरी असते, फरशीवरचा चुरा हिरवट आहे. विष पिशवीतल्या कच्च्या बियांना आहे. अप्पा त्या चावणार, आणि सर्दीत त्यांना वास लागणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. आम्ही मात्र पेला तपासत बसलो असतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मळ्यासाठीच ना हे? आता विषाचं नाव सांगा."

नंदीशनं तोंड फिरवलं. नाव घेतलं की गुन्हा कबूल, हे त्याला कळत होतं. त्या प्रत्येक क्षणाला तिकडे बाप मरत होता.

कमलम्मा उठली आणि पोटच्या पोराच्या पायांवर पडली.

"पाया पडते रे तुज्या! सांग!"

नंदीश मटकन खाली बसला. मळ्यावरच्या फवारणीच्या औषधाचं नाव त्यानं सांगितलं आणि सृष्टीनं ते फोनवर डॉक्टरांना कळवलं.

मग सगळे नुसते वाट बघत राहिले. सरफराज दुवा मागत होता. अखेर फोन वाजला. विषावरचा उतारा लागू पडला होता, तिप्पण्णा वाचणार होते.

हवालदारानं नंदीशला उठवलं. दारात तो थांबला. "अव्वा..."

कमलम्मानं त्याच्याकडे पाहिलं. "शुद्धीवर आले की पैली हाक तुलाच मारतील रे ते. काय सांगू मी त्यांना?"