कोरड्या वळवातली हाक

दुपारी ती माळावरच्या खोलीत गेली ती फक्त बॅटरीच्या तारा घासूनपुसून घ्यायला. तहान लागल्यावर विहीर खणण्यात काय अर्थ? वळीव यायच्या आत भोंगा चालू हवा, एवढंच तिच्या मनात होतं.

दूरदेशी जाऊन ती विजांचा अभ्यास करून आली होती. तिकडची चालून आलेली नोकरी सोडून परतली, कारण गेल्या वळवात माळावरच्या एकुलत्या झाडाखाली आडोशाला उभे राहिलेले दोन मेंढपाळ जागच्या जागी गेले होते. "वीज पडून माणूस मरतो ते नशिबानं नाही, आपल्या आळसानं," असं ती भेटेल त्याला सांगायची. लोकांच्या हातापाया पडून तिने ही पक्की खोली उभी केली. छपरावर वीज जमिनीत उतरवणारी सळई, शेजारी खोलीतल्या माईकला जोडलेला भोंगा. आभाळ फिरलं की हाक द्यायची, मेंढपाळांनी आत यायचं.

"माझी मेंढरं तुझ्या भोंग्यावर वरातीत नाचल्यासारखी नाचतील," काका चिडवायचे. आईबापांमागे त्यांनीच तिला वाढवलं होतं. आणि आभाळ आलं की अजूनही ते हट्टाने त्याच झाडाखाली उभे राहायचे.

काकू चहाचा थर्मास घेऊन आली, तेवढ्यात वारा पडला. पानही हलेना. मग पश्चिमेकडून धुळीची भिंत उठली आणि भर दुपारी खोलीत दिवेलागण झाल्यासारखं झालं. अंगावरचा घाम एकाएकी गार पडला. ढगांतून पाऊस सुटलेला दिसत होता, पण तो अधांतरीच विरत होता. जमिनीवर थेंब नाही. नुसता ओल्या मातीचा वास, आणि गडगडाट.

तिने स्विचकडे हात नेला.

"नको गं," काकू हळूच म्हणाली. "कोरड्या गडगडाटात माळाला हाक ऐकवू नये. माळ ती ठेवून घेतो."

"काकू, तू पण ना! काका झाडाखाली असतील. ठेवून घ्यायचं तर तुझा माळ त्यांनाच ठेवून घेईल."

काकूने दारातून झाडाच्या दिशेने पाहिलं आणि ती बाजूला सरली.

"काका, झाडाखालून निघा! खोलीत या!" भोंगा माळभर घुमला. ती पुन्हा पुन्हा हाक देत राहिली. मग डोळ्यांसमोर पांढरं काहीतरी फुटलं, छप्पर थरथरलं, आणि भोंग्याचा लाल दिवा विझला. तार जळाल्याचा वास सुटला.

दोघी अंधारात बसून राहिल्या.

बऱ्याच वेळाने दारातून आधी लोकरीचा वास आला, मग मेंढ्या, मग काका. काकूला रडू फुटलं. तीही धावत जाऊन त्यांना बिलगली.

"अगं, हो हो! मेलो नाही अजून." काका धापा टाकत भिंतीशी टेकले. "पण किती ओरडशील? आणि एका जागी उभी राहून ओरड की! आधी खोलीकडून, मग ओढ्याकडून, मग झाडाकडून. मी ओ देत देत परत झाडाकडे वळलो होतो, ही मेंढरं अडून बसली म्हणून…"

"काका, भोंगा छपरावर आहे." तिने वर बोट दाखवलं. "आणि तो केव्हाच बंद पडलाय."

"मग आत्तापर्यंत कोण…"

"प्रतिध्वनी असेल." ती म्हणाली. स्वतःचंच म्हणणं तिला पटेना.

बाहेर वारा थांबला. आणि माळावरून, लांबून, तिचाच आवाज आला. स्वच्छ. लाडिक.

"काका… खोलीतून निघा… झाडाखाली या…"

तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं. ओठ मिटलेलेच होते.

काका उठू लागले. झोपेतून उठावं तसे. "पोर बोलावतेय…"

"काका, मी इथे आहे. बघा ना माझ्याकडे…"

"तू इथेच आहेस गं," ते तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पण बोलावतेयस तिकडून."

काकूने झडप घालून त्यांना खाली बसवलं आणि त्यांच्या तोंडावर तळहात घट्ट दाबला. "ओ देऊ नका… तुम्हाला माझी शपथ. ओ देऊ नका…"

तिने काकांचा हात धरला. उबदार होता, खरखरीत, ओळखीचा. काकूच्या बोटांखाली त्यांचे ओठ जरासुद्धा हलले नाहीत.

वीज चमकली.

"ओ… आलो गं, पोरी!" झाडाच्या दिशेने काकांचा आवाज आला.

तेवढ्यात अंधारात खुरांचा आवाज झाला. एक एक करून मेंढ्या उठल्या, काकांच्या पायांना घासून दाराबाहेर पडल्या, आणि धन्यामागे निघावं तशा, खाली माना घालून, त्या आवाजामागे चालू लागल्या.